कात्रीने कापलेली पट्टी

सासरे वारले आणि आमच्या ठमीची अन्नावरची वासनाच उडाली. मांजर नुसतं हाडांचं गाठोडं झालं, पण तपासणीत काही सापडेना. डॉक्टरांनी अंदाजाने गोळ्या दिल्या. टॉवेलात गुंडाळून जबडा उघडायला गेले, तर बयेने बोटात दात रुतवले. मी हात टेकले. नवरा देत असेल म्हणून निर्धास्त राहिले. आज डॉक्टर खूश. "गोळ्या छान लागू पडल्या." बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, "जमलं बुवा तुला!" "मला? तूच देत होतास ना?" घरी औषधांचा डबा उघडला. आम्ही गोळी अंगठ्याने दाबून काढतो. ठमीच्या गोळ्यांची पट्टी मात्र कात्रीने कापलेली होती, सासरे कापायचे तशी, नेटक्या चौकोनांत. आणि झोपायच्या खोलीत गेलो, तर माझ्या उशीशी तसाच चौकोन, गोळीसकट; शेजारी झाकून ठेवलेलं पाणी. "मला तर काहीच झालेलं नाही," मी म्हणाले. नवरा पुटपुटला, "ठमीच्याही तपासणीत काही सापडलं नव्हतं."