दोनदा रेस

दुकानात पाच चेनसॉ उचलून पाहिले, तेव्हा कुठे हे मशीन हातात बसलं. आमचा धंदा झाडं तोडण्याचा. कुणी काहीही गळ्यात मारावं इतका मी भोळा नाही.

नव्या मशीनची पेट्रोलची पहिली टाकी हळूहळू संपवावी लागते. म्हणून दुपारी अंगणात ओंडक्याचे काप काढत बसलो. साखळी सैल झाली की ताणायची, पुन्हा कापायचं. जीव सुखावला. मग ब्रेक लावून मशीन जमिनीवर मंद चालू ठेवलं आणि स्टुलावर बसून चहा घेतला.

"पोरगं पहिल्यांदा चालायला लागल्यासारखं काय बघताय त्याच्याकडे?" स्वयंपाकघरातून बायको म्हणाली.

तेवढ्यात मशीनने आपणहून रेस घेतली. छोटीशी, दोनदा.

ही माझ्या दादाची खूण. झाड पडायला लागलं की तो अशीच रेस द्यायचा: बाजूला हो. दादाला जाऊन चार वर्षं झाली. पण सवय वीस वर्षांची. विचार करायच्या आत मी कपासकट बाजूला उडी मारली होती.

जमीन हादरली. चहा हातावर सांडला.

"अहो, केवढं झाड पाडलंत!" आवाज ऐकून बायको आतूनच ओरडली.

आमच्या अंगणात एकही झाड नाही. मी वळून पाहिलं. स्टुलाचे चारही पाय पार वरपर्यंत जमिनीत गेले होते.