चालतं हत्यार

खंडेनवमीच्या सकाळी सुदेश भावाच्या दारात उभा राहिला तो खोका घेऊनच. खोक्याच्या तळाशी पेंढासुद्धा पसरून आणला होता. म्हणजे स्वारी विचारायला नव्हे, न्यायला आली होती.

"वयनी, खंय आसत ते कॅमेरे? काचेचां कपाट तयार झालां. पाच खण. आत लायटी पण लावलंय."

देवबागला त्याने पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या होत्या. शेजारच्या हॉटेलवाल्याने दर्शनी भिंतीवर बैलगाडीचं चाक टांगलं, तेव्हापासून याच्या डोक्यात जुने कॅमेरे घोळत होते. त्याने भावाला फोन केला, काशीरामने "ने" म्हटलं, आणि दोघेही मोकळे झाले. कॅमेरे जिचे होते त्या काशीरामच्या बायकोला, प्रेमलताला, विचारायचं दोघांनाही सुचलं नाही.

प्रेमलता मालवणच्या बाजारात मासळी विकायची आणि कॅमेरे गोळा करायची. भंगारवाल्यांकडून, शिरोड्याच्या बंद पडलेल्या स्टुडिओतून, बोटीवरून सुट्टीला आलेल्या खलाशांकडून. सगळे जुने, हाताने रोल ओढायचे, हाताने काच फिरवून नेमकं दिसेपर्यंत थांबायचे. खाऱ्या हवेत काचांवर बुरशी धरते म्हणून कोकमाची सोलं वाळत घालावीत तशी ती त्यांना अंगणात ऊन दाखवायची. आणि एकच वस्तू पाचही कॅमेऱ्यांनी टिपून पाच फोटो ओळीने भिंतीवर लावायची, कुणाचा चांगला आला ते बघायला. भिंतीवर शेजारणीची कोंबडी पाच वेळा होती, सासूही पाच वेळा होती. लोक हसायचे. हसोत बापडे.

आता ती हत्यारांच्या पूजेचा पाट मांडत होती. काशीरामचं वल्हं, जाळं विणायची सुई आणि तिचा मासळी कापायचा आडाळो पाटावर बसले होते. तिने मान वर केली नाही.

"ते आज मेळाचे नाय, भावजीनू. ते पाटार बसतले."

सुदेशला हसू आलं. "शोभेची वस्तू पाटार? वयनी, ती काय हत्यारां? रोल तरी मेळता काय आता?"

प्रेमलता उठली आणि तिने फ्रीज उघडला. नवरात्रात अंडी बंद, त्यामुळे अंड्यांच्या जागी रोलच्या काळ्या डब्या बसल्या होत्या. दार तिने जरा जोरातच लावलं.

"दादा, तू तरी सांग," सुदेश म्हणाला. काशीराम वल्ह्याला लागलेला चिखल नखाने काढत बसला. तो कसला सांगतोय!

खांबाला टेकून बसलेली रुक्मिणी, दोघांची आई, तेवढ्यात बोलली. तिला आता दिसत नव्हतं, ऐकू मात्र सगळं यायचं. "भांडतास कित्याक? तुमच्या बापाशीचो नेम म्हायत आसा मां? चालता तां पाटार. मोडलेला हत्यार देवाफुडे नाय. हाड गो ते कॅमेरे हय. ऐकूक दी माका."

प्रेमलता आत जाताना घुटमळली. यंदाच्या पावसाळ्यात एकाला ऊन मिळालं नव्हतं. पण नेम तो नेम. तिने पाचही आणले आणि सासूच्या कानाशी एकेकाचा खटका दाबला.

"नारळ पडलो," रुक्मिणी म्हणाली. दुसरा. "कडी लागली दाराची." तिसरा. "ह्यो बरो. आडाळ्यार बांगड्याचां डोकां तुटलां." चौथ्याला ती नुसतीच हसली.

सुदेशने खिशातून चपटा डिजिटल कॅमेरा काढून आईच्या कानाशी धरला. "आणि ह्यो ऐक."

"ह्यो पण बरो."

"आणि आवाज नको तर बंद करूक येता!" त्याने बटण दाबलं, पुन्हा फोटो काढला. काही ऐकू आलं नाही.

रुक्मिणीने कान आणखी जवळ नेला. "बंद केलंस तरी फोटो येता? मगे मघाशी वाजला तां काय?"

सुदेशने कॅमेरा खिशात टाकला. काशीरामने तोंड फिरवून हसू लपवलं.

राहिला पाचवा, ज्याच्या कपाळावरचं नावही झिजून गेलं होतं. प्रेमलताने खटका दाबला. काहीच झालं नाही. तिने पुन्हा दाबला, रोल पुढे सरकवायची पट्टी ओढून पाहिली; पट्टी अर्ध्यावरच अडली. तिचा सगळ्यात पहिला हाच होता.

"ह्यो मेलो!" सुदेश म्हणाला.

प्रेमलताने तो पदराने पुसला आणि स्वतःच्या हाताने खोक्यातल्या पेंढ्यावर ठेवला. "न्या. नेमात बसाचो नाय तो."

उरलेल्या चौघांना तिने आडाळ्याशेजारी ओळीने बसवलं. काचेला लागू न देता प्रत्येकाच्या कपाळावर हळदकुंकू लावलं, वर एकेक झेंडू ठेवला. सुदेशचा हात जवळच्याकडे गेला तशी रुक्मिणीने खोका सरकल्याच्या आवाजावरूनच ओळखलं.

"हात लावू नको रे. हत्यारां बसली. उद्याच्या पूजेशिवाय उठाची नाय."

"आये, उद्या सकाळी उद्घाटन आसा! पाच खणांत एकट्याचां मी काय करू?"

"तेका मधल्या खणात ठेवा, भावजीनू," प्रेमलता म्हणाली, "आणि लायटी चालू ठेवा. उद्या पूजा झाली काय ह्या चारांक घेऊन येतंय देवबागाक. चारांनी तेचो फोटो काढतंय, उरलेल्या चार खणांत चार फोटो. बघूया, कोणाचो बरो येता."