उलट्या दिवसाचा चहा

“आज आई बाबा आणि बाबा आई!” माझ्या सात वर्षांच्या लेकीने फर्मान सोडलं. शाळेत उलटा दिवस साजरा करून आली होती. अंगातला फ्रॉकही उलटाच, शिवणी बाहेर. नवरा खुशीत होता. माझी ओढणी कमरेला खोचून तो चहा करायला गेला आणि मी त्याच्या खुर्चीत बसले.

चहा आला. एक घोट घेऊन मी लेकीला विचारलं, “आता काय करू?”

“बाबा करतात तेच,” म्हणत तिने खुंटीवरचा पट्टा आणून माझ्या हातात दिला.

नवरा हसला. मी त्याच्यासारखंच ओरडले, “हा चहा आहे की गटाराचं पाणी?” आणि कप भिंतीवर फोडला. पट्ट्याचा पहिला फटका खांद्यावर बसला तेव्हाही तो हसतच होता. दुसऱ्याला हसू थांबलं. तिसऱ्याला बकलाने ओठ फुटला. तो मूठ आवळून माझ्यावर धावला, तशी लेक मध्ये उभी राहिली.

“आई कधी उलटून मारते का, बाबा?”

तेवढ्यात बेल वाजली. दारात शेजारच्या खानविलकरकाकू. “केवढा आवाज! काय झालं?”

त्याने ओढणी ओठाला दाबली. “काही नाही हो काकू, बाथरूममध्ये पाय घसरला.” आठ वर्षं मी जे सांगत आले, ते त्याला तोंडपाठ होतं.

काकूंनी त्याचा ओठ पाहिला. माझ्या हातातला पट्टाही पाहिला.

“जपून राहावं हो जरा,” दर वेळी मला म्हणतात तशाच मायेने त्या त्याला म्हणाल्या, आणि दार ओढून घेतलं.