झाडाखालची खुर्ची

"आई, ऊन बघ किती! आत चल ना," सुप्रिया म्हणाली.

"तू जा. मला इथून ऐकू येतं."

सुधाताई डोक्यावर पदर ओढून कडुलिंबाखाली उभ्या राहिल्या. इंद्रपुरीतल्या त्या चर्चच्या आवारात दर रविवारी हेच चालायचं. मुलगी आत, आई बाहेर. काय म्हणावं या बाईच्या हट्टाला! जिथे लग्न लागलं, दोन्ही लेकरांचे बाप्तिस्मे झाले, त्याच दाराकडे लांबून नुसतं बघत राहायचं.

यश गेला तेव्हा लोकांना वाटलं, बाई आता देवावर रुसणार. पण छे! उलट मुलगा गेल्यावर त्यांनी एक उपासना चुकवली नाही. मग दोन वर्षांपूर्वीचा ईस्टर आला. भरकटलेली दोन माणसं त्या दिवशी मंडळीत परत आली. सगळे डोळे पुसत होते आणि सुधाताई मधूनच उठून तडक बाहेर पडल्या. त्या आजतागायत बाहेरच.

तेव्हापासून प्रभूची प्रार्थनासुद्धा पुरी होत नव्हती. क्षमेच्या ओळीशी आली की गाडं अडलंच.

आतून गीत सुरू झालं की त्यांचा जीव तुटायचा. तिसऱ्या बाकावरची आपली जागा, जुन्या गीतपुस्तकाचा वास, जिभेवरचा प्रभुभोजनाच्या भाकरीचा तो एवढासा तुकडा. देवा, किती आठवण येते रे तुझी! पण पाऊल काही उचलत नव्हतं.

मघाशी पाळकसाहेब येऊन गेले होते. "सुधाबाई, आज प्रभुभोजन आहे. दार सगळ्यांना उघडं आहे."

"तेच तर," सुधाताई म्हणाल्या.

पाळकसाहेब आत गेले.

आज मात्र काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. झाडाखाली खुर्ची नव्हती. त्या ईस्टरपासून दर रविवारी मिलिंद ती आणून ठेवायचा. पडेल ते काम करणारा, अबोल पोरगा. घरी गाडी असून आनंद नगरहून बसने यायचा. "सलाम, मावशी," एवढंच म्हणायचा नि खालमानेने निघून जायचा. सुधाताई त्या खुर्चीवर कधी बसल्या नाहीत. सलामही घेतला नाही.

तेवढ्यात सुप्रिया धावत बाहेर आली. "आई, मिलिंददादा आत येतच नाहीये. पाळकांना म्हणाला, मावशी आत येईपर्यंत मीपण प्रभुभोजन घेणार नाही. जिद्दच पकडून बसलाय!"

"कुठंय तो?"

"मागे, नळापाशी."

म्हणजे आपल्यापायी आणखी एक जीव भरल्या पानावरून उपाशी उठणार. सुधाताईंनी पदर सावरला नि त्या नळाकडे चालू लागल्या.

मिलिंद नळाजवळ जमिनीवर बसला होता. शेजारी खुर्ची, रिकामी. त्यांना पाहताच चटकन उभा राहिला.

"चल आत," त्या म्हणाल्या.

"नको, मावशी. माझी लायकी नाही."

"माझी तरी कुठे आहे? दोन वर्षं रोज एकाचं वाईट चिंततेय मी. देवाच्या दारात उभी राहून!"

"मला माहीत आहे, मावशी."

आत शेवटचं कडवं सुरू झालं होतं. सुधाताईंनी हात पुढे केला. मिलिंदने दोन्ही हात पाठीमागे लपवले. मग त्यांनीच त्याचा उजवा हात ओढून घेतला आणि दोन्ही हातांत घट्ट धरला.

"प्रभूची शांती तुझ्याबरोबर असो," त्या म्हणाल्या. आवाज कापत होता, पण वाक्य पुरं झालं.

तो हुंदके देऊ लागला. त्यांनी हात सोडला नाही. तसंच त्याला घेऊन त्या पायऱ्या चढू लागल्या. रायसेन रोडवर यशला चिरडलं, त्या गाडीचं स्टिअरिंग याच हातात होतं.