अर्धं राहिलेलं गाऱ्हाणं

शालिकने दारूचा पेला पुढे केला. रोमिनने तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि नरसाळं धरून कमरेला बांधलेल्या बाटलीत रिकामा केला. डोंगरावरच्या या गावांत पेला नाकारला तर यजमानाचा अपमान होतो. बाटलीत ओतून घेतला तर कुणाची ना नसते. पण डोंगराला गाऱ्हाणं घालणाराच बाटली बांधून आलेला शालिकच्या घराने कधी पाहिला नव्हता.

शालिकची पोर ओढ्यात पडली, तेव्हापासून धड जेवत नव्हती की बोलत नव्हती. वाचली खरी, पण तिचा जीव भेदरून तिथेच ओढ्याकाठी राहिला, असं सगळ्यांचं म्हणणं होतं. तो बोलावून आणायला रोमिन आला होता.

"रोमिनबाबा, घशाला थोडी ऊब असू दे," मारूच नावाची शालिकची म्हातारी आई म्हणाली. "कोरड्या तोंडाचं डोंगराला ऐकू जातं का?"

ती टोमणा मारत नव्हती, तिला खरंच धास्ती वाटत होती. रोमिनलाही तीच होती. दारू सोडल्यापासून तो रोज पहाटे अंगणातल्या क्रुसापुढे मेणबत्ती लावून बसत होता. हातांची थरथर गेली होती, बायको परत नांदायला आली होती. पण हे मोठं गाऱ्हाणं त्याने शुद्धीत कधी घातलंच नव्हतं. शब्द आपले की दारूचे, हे आज कळणार होतं. दारूचे निघाले, तर बाटली कमरेलाच होती.

जमिनीवर पाइनची हिरवी पानं अंथरली होती. त्यांवर गुडघे टेकून त्याने मेणबत्त्या लावल्या आणि डोंगरांची नावं घेतली. तिसऱ्या नावाला जीभ अडली. पुढचं काही आठवेना. टोपलीखाली झाकलेला कोंबडा तेवढा खुडबुडत होता. शालिकने पेला पुन्हा भरला.

रोमिनने पेल्याकडे पाहिलं, मग डोळे मिटले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. पूर्वीसारखी घाई न करता, रोज पहाटे बसायचा तसं, एकेक शब्द पुरता संपवून पुढचा. या वेळी नावं आली. ओढा आला, पोरीचा पाय जिच्यावरून घसरला ती शिळा आली. पोरीचं मनगट धरून त्याने तिला नाव घेऊन हाक मारली, पुन्हा पुन्हा, लाडाने. पोरीने मान वळवली आणि आईजवळ मक्याची पेज मागितली.

आईला रडू कोसळलं. मारूच गुडघ्यांवर हात टेकून उठली, शालिक रस्सा वाढायला वळला. आजवर गाऱ्हाणं इथेच संपायचं. इथवर येईतो रोमिन लवंडायचा आणि त्याला उचलून भिंतीकडेला ठेवून सगळे जेवायला बसायचे.

रोमिन मात्र उठला नव्हता. तो पुढे म्हणतच होता. बापाने शिकवलेलं आणखी काही शिल्लक होतं, हे त्यालाही आत्ताच, म्हणता म्हणता कळत होतं.

"हे पर्वतांनो," तो म्हणाला, "आणि आता ज्याने गुडघे टेकलेत, त्याच्यासाठी."

इथे तो थांबला. मारूचने शालिकची बाही ओढून त्याला खाली बसवलं आणि स्वतःही बसली.

"नाव घे, बाबा," ती हळूच म्हणाली. "आम्ही बसलोय."

रोमिनने डाव्या हाताने आपलंच उजवं मनगट धरलं.

"रोमिन," त्याने हाक मारली. "ये रे. घाबरू नकोस. घरी ये."