गबाळ्याची वही

सतराव्यांदा तेच. दिव्याखाली धरलेल्या पट्टीवर दोनच ठिपके, सुरुवातीला टाकलेल्या दोन पदार्थांचे. ते जोडले गेल्याची खूण असणारा तिसरा ठिपका नाहीच. तिने पट्टी डब्यात भिरकावली.

समोर गबाळ्याची वही उघडी होती. गबाळ्या म्हणजे तिच्याआधी याच टेबलावर काम करून गेलेला विद्यार्थी. बेंझिनच्या कड्याला अमाईन जोडायचं, मदतीला चिमूटभर तांब्याचा क्षार. एवढंच त्याने लिहिलं होतं. उत्पादन ऐंशी टक्के. पानावर चहाचे डाग, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.

तिने काय कमी केलं होतं? काचसामान ओव्हनमध्ये तापवलं, फ्लास्कमधली हवा काढून नायट्रोजन भरला, वर घट्ट बूच. तरी त्या धांदरटाला जमलेलं तिला जमेना. रडू येईल इतका राग येत होता.

सर दारातूनच म्हणाले, "आज शुक्रवार."

"हो सर. अठरावा लावलाय."

"संध्याकाळपर्यंत बघू. नाहीतर हा विषय सोडू. वर्ष वाढेल तुझं, पण इलाज नाही."

ते चिडले असते तर बरं झालं असतं.

काचसामान धुणाऱ्या मावशी ट्रे घेऊन आल्या. तिने आधीच बजावलं, "मावशी, त्या बुचाला हात लावू नका. हवा जाईल आत."

"नाही गं बाई. तुझी बुचं घासून हात दुखले माझे. तो आधीचा बरा. त्याचं एक बूच कधी धुवायला आलं नाही."

"म्हणजे?"

"लावायचाच नाही. सगळी भांडी उघडी टाकून चहाला. माशी पडेल म्हणून किती ओरडायचे मी."

ती उठली आणि अठराव्या फ्लास्कचं बूच स्वतःच उपटलं.

आतला मळकट द्रव वरून हळूहळू निळा पडू लागला. तांब्याला काम करायला हवा लागत होती. चौदा महिने ती हीच हवा निगुतीने बाहेर ठेवत आली होती.

पाच वाजता पट्टीवर तिसरा ठिपका आला. ती हसली नाही. गबाळ्याची वही ओढून ऐंशी टक्क्यांच्या वर तिने लिहिलं, 'बूच लावलेलं नाही'. इतकं दाबून, की कागद फाटला.