बाहेर काढलेल्या जिभा

"समोरच्या महालातल्या बाईची नजर वाईट. पोराला तिच्या बाल्कनीखाली उभं करू नकोस." सासूबाईंनी बजावलं होतं, पण शिकलेल्या रोझाल्बाने ते हसण्यावारी नेलं.

नोतो या इटालियन गावातली ती बाल्कनी दगडी राक्षसांनी डोक्यावर पेलली होती, सगळ्यांच्या जिभा बाहेर. महालात एकट्या उरलेल्या म्हाताऱ्या दोन्ना फिलोमेना, म्हणजे फिलोमेनाबाई, रोज सकाळी वरून तशीच जीभ काढायच्या. रोझाल्बाचा छोटा कोर्रादिनो उलट जीभ काढायचा, मगच बालवाडीला हलायचा.

आज तो हलेचना.

"आई, जीभ नाही काढली."

"अरे, सगळ्यांच्या बाहेरच आहेत की!"

"दगडांच्या नाही गं. वरच्या आजीने!"

रोझाल्बाने वर पाहिलं. बाल्कनी रिकामी होती. दोन्नांनी बेकरीच्या पावासाठी खाली सोडलेली टोपली कालच्या पावासकट दोरीला तशीच लोंबत होती. तिने बेकरीवाल्याला हाका मारल्या आणि दोघांनी मिळून दार फोडलं.

कालपासून मोडलेल्या खुब्याने जमिनीवर पडलेल्या दोन्नांना स्ट्रेचरवरून खाली आणलं. गर्दीत त्यांनी आधी कोर्रादिनोला शोधलं आणि जीभ काढून दाखवली.



तुमच्याही समोर कुणी रोज दिसत असेल, तर आज वर बघून एक हाक मारा. नजर लागली तर लागू दे.